योगिताच्या हातातला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. सुरतच्या कोसाडमध्ये, लोटूभाऊंच्या मंडप-साउंडच्या खोलीत, खिळ्याला लटकलेला. माझ्या पोटात नखाएवढा पातळ पडदा आहे. कोणी बोलले की तो थरथरतो. एवढेच माझे काम. बोलणारा हसत असो की रडत, थरथर तीच.

कोणत्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला ठाऊक नाही. तार जोडणाऱ्या बाईची बोटे तेवढी आठवतात. खोक्यातून बाहेर आलो तो लोटूभाऊंच्या हातात. ते शिरपूरकडचे. आधी यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटाने एक कान गेला, मग त्यांनी हा धंदा धरला. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून हळदींना नेले, कानबाईच्या उत्सवाला नेले. "पोरगं हरवलं आहे, निळा शर्ट," असेही माझ्यातूनच सांगितले गेले. लोक म्हणत, लोटूभाऊंचा आवाज खणखणीत. मला बरे वाटे.

पुढे बिनतारी माइक आले आणि मी खिळ्यावर गेलो. धूळ बसली. आधी वाईट वाटायचे. पण हळूहळू तेही वाटेनासे झाले.

मला खाली काढले ते शेजारच्या योगिताने. ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची आणि हात चालू असताना तोंडाने रॅप करायची. रॅप म्हणजे सूर कमी आणि बोलणे जास्त. तालावर शब्द आदळायचे. कधी हिंदीत, कधी घरच्या अहिराणीत. तिची थोरली बहीण नूतन सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या एका कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायची. सुट्टीच्या दिवशी ती गच्चीवर मांडीवर थाप मारून ताल धरायची आणि म्हणायची, "योगे, जरा धीरे बोल. मले समजू तरी दे!" दोघी हसायच्या, तेव्हा माझा पडदा फडफडायचा.

एका दुपारी त्या कारखान्यात आग लागली. माल चोरीला जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप असायचे. चावी ज्या शेठच्या खिशात होती तो जेवायला गेला होता. नूतन आत राहिली. तिच्या शेजारी बसणारी लीलाही राहिली.

शोकसभेला लोटूभाऊंनी मलाच नेले. आता माझ्या वाट्याला असलीच कामे उरली होती. पुढाऱ्यांची भाषणे झाली. कुणीतरी योगिताला म्हणाले, दोन शब्द बोल. तिने मला हातात घेतले. तिचा हात गार होता. ती रडली नाही. बाजारभाव सांगावा तशा सपाट आवाजात ती बोलू लागली, आणि बोलणे आपोआप तालावर गेले:

"दारले कुलूप, कुलूपनी चावी,
चावी शेठना खिशामा.
मनी बहीण तू मांडी, शेठ,
कोनता हिशोबमा?"

माझी बहीण तू कोणत्या हिशोबात मांडलीस, असे ती कारखान्याच्या शेठला विचारत होती. मला काही वाटले नाही. फक्त पडदा थरथरत राहिला.

त्यानंतर ती दुपारच्या सुट्टीत कडोदऱ्याला कारखान्यांच्या फाटकांबाहेर उभी राहून माझ्यातून त्याच ओळी म्हणू लागली. लोटूभाऊ रिक्षात स्पीकर घालून न्यायचे. तिची आई कलाबाई उंबऱ्यात आडवी आली. "एक गई. आते तू बी जाशी का?" योगिता म्हणाली, "माय, मी बाहेरच उभी ऱ्हास. रस्ताले कोनी कुलूप नही लावत." कलाबाई बाजूला झाली, पण पोरीकडे बघेना.

एके दिवशी एक मॅनेजर आला. "बेन, आ बधुं बंध करो!" योगिताने शांतपणे मला त्याच्यापुढे धरले. "बंद करते. तुम्हीच बोला. दाराला कुलूप का लावता, एवढं सांगा." त्याने मला घेतले. तोंड उघडले. स्पीकरमधून फक्त त्याचा श्वास ऐकू आला, सगळ्या रस्त्याला. मग त्याने मला जमिनीवर आपटले. माझी जाळी आत दबली ती तेव्हाची.

आवाज बंद पडला, पण समोरच्या बाया गेल्या नाहीत. त्या मॅनेजरच्याच कारखान्यातली मालतीबाई पुढे झाली. तिने मला उचलून पदराने पुसले. दुसऱ्या दिवशी तिच्या कारखान्यातल्या बाया दाराशीच बसून राहिल्या. मालतीबाई म्हणाली, "चावी आतमा टांगा. मंग आम्ही बसूत कामले." दुपार झाली, माल अडकला, त्यांचा शेठ दोनदा ओरडून गेला. संध्याकाळी दाराच्या आतल्या बाजूला खिळा ठोकला गेला आणि त्यावर चावी लटकली. पुढे शेजारच्या आणखी काही कारखान्यांत तसेच झाले. काही ठिकाणी मात्र कुलूप अजून बाहेरच आहे.

लोटूभाऊंनी माझी तार नव्याने जोडली. आता योगिताबरोबर इतर पोरीही येतात. आपापल्या कामाच्या जागेबद्दल चार ओळी जुळवतात. परवा त्यांच्या मागून कलाबाई आली. तिने मला उलटे धरले होते. योगिताने सरळ केले. कलाबाईने एवढेच म्हटले, "नूतन." लोकांनी वाट पाहिली. कुणी मला तिच्या हातातून काढून घेतले नाही.

परतताना योगिता लोटूभाऊंना म्हणाली, "काका, मले अजून रडू येत नही." ते म्हणाले, "नको येऊ दे, बेटा. आवाज येस ना, पुरे शे." त्यांनी तो चांगला कान तिच्याकडे केला होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा. तार पिळू नका, जाळी पुसत जा. पण मी फार दिवसांचा सोबती नाही. मधेच माझा आवाज तुटतो. म्हणून आज तुमच्याकडे एक गोष्ट मागून घेतो. तुमच्या घरातले कुणी कामावरून परत आले, की पाणी द्या आणि एक प्रश्न विचारा: तुमच्या तिथले दार आतून उघडते का?

उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.