चाकांवरचा सोफा

माझ्या स्कूटरला हसायचं असेल तर माझ्यासमोर हसावं. मागून हसणाऱ्यांचा मला राग येतो, आणि राग आला की मी गप्प बसत नाही.

हसायला सुरुवात केली ती माझ्या धाकट्या दिराने. गाडी दारात आली त्या दिवशी त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, सीट अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, एवढ्या पैशांत चांगली मोटरसायकल आली असती. तुम्ही तर सोफ्याला चाकं लावून आणलीत." नवरा हसला. मी नाही हसले. दिराकडे जाडजूड मोटरसायकल आहे, रविवारी फिरायला जाणारा क्लब आहे, आणि त्या क्लबात स्कूटर म्हणजे कोपऱ्यावरून भाजी आणायची वस्तू. माझ्या गाडीचं इंजिन त्यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा मोठं निघालं, तरी भाजी ती भाजीच.

माझं काम वजनकाटे तपासायचं. दुकानं, गिरण्या, दवाखाने, सोनारांच्या पेढ्या, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे मी प्रमाणित वजनांची पेटी घेऊन जाते आणि काटा खरं बोलतोय का ते बघते. पेटी लोखंडाची आणि आतला ऐवजही लोखंडाचाच. जुन्या छोट्या स्कूटरवर ती पायाशी ठेवली की माझे गुडघे हनुवटीला टेकायचे, चढावर गाडी रडकुंडीला यायची, आणि हमरस्त्यावर शेजारून ट्रक गेला की पेटी आणि मी दोघीही हलायचो. मोटरसायकल चालवून पाहिली नाही असं नाही. पेटी ठेवायला जागा नाही, मनगटं भरून येतात, आणि दिवसभरात जितक्या दुकानांत जायचं तितक्या वेळा तंगडी वर टाकायची. कोणी सांगितलंय?

या गाडीत पेटी सीटखाली जाते. पाय पुढे लांब करता येतात. समोरची काच वारा आणि किडे अंगावर घेते. गिअर नाही, क्लच नाही, मूठ पिळली की ट्रक मागे राहतो. खोट सांगायची तर ती जड आहे, पार्किंगमधून मागे ओढताना घाम फुटतो, आणि पेट्रोलही हात सैल सोडून पिते. पण संध्याकाळी घरी येते तेव्हा माझी कंबर जागेवर असते आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी मी माणसासारखी उभी राहू शकते. रोज कामाला जाणाऱ्याला याहून काय हवं असतं ते मला क्लबातल्या कोणीतरी समजावून सांगावं.

असो. गोष्ट माझी नाही, सासूबाईंची आहे.

सासूबाईंना गाडी लागते. कार असो नाहीतर बस, गाव मागे पडायच्या आत त्यांच्या हातात पिशवी असते. गोळी घेतली की दिवसभर गुंगीत राहतात, आणि रक्तदाबाच्या औषधांबरोबर ती गोळी नको असं डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यामुळे चालत जाता येईल किंवा रेल्वे नेईल तेवढंच त्यांचं जग. त्यांची थोरली बहीण राहते वर पठारावर, जिथे रेल्वे जात नाही. वर्षानुवर्षं दोघी फोनवर बोलत आल्या होत्या. मग मावशी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तरीही त्या उठल्या नाहीत. त्यांना ऐकू कमी येतं. व्हिडिओ कॉल लावला की त्या फोन कानाशी धरायच्या आणि पडद्यावर आम्हाला नुसता कान आणि थोडंसं कपाळ दिसायचं. सासूबाई त्या कानाशी बोलत बसायच्या.

एका रविवारी जेवताना त्या म्हणाल्या, "मला तिला भेटायचंय. ती आता फार दिवस नाही."

दीर आणि नवरा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिराने समजूत घातली, "आई, तुला झेपणार नाही. मागच्या वेळी अर्ध्या वाटेतून परत आणावं लागलं. आपण रोज कॉल लावू."

"कान बघायला?" सासूबाई म्हणाल्या.

आता मला एक गोष्ट ठाऊक होती जी त्या दोघांनी कधी मनावर घेतली नव्हती. मागच्या महिन्यात नवऱ्याची कार बंद पडली म्हणून मी सासूबाईंना दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या मागे बसवून नेलं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. परत आल्यावर त्या जिन्यात थांबून म्हणाल्या होत्या, "अगं, मला काहीच झालं नाही." तोंडावर वारा आणि नजर मोकळी असली की त्यांना लागत नाही. एवढी साधी गोष्ट.

"मी नेते," मी म्हटलं. "स्कूटरवर."

दीर घासच विसरला. "सोफ्यावर? घाट चढून? वहिनी, तिचं वय काय, तुमचं वय काय."

"माझं वय मला पाठ आहे, भावजी."

नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील, म्हातारीला स्कूटरवर..."

"म्हातारी कोण?" सासूबाईंनी विचारलं आणि ताटातलं शांतपणे संपवलं. तिथे विषय मिटला, निदान आम्हा दोघींपुरता.

अडचण वेगळीच होती. माझी मागची सीट उंच आणि रुंद. सासूबाईंचे गुडघे पाय तेवढा वर टाकू देत नाहीत. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना मी त्यांना जिन्याच्या पायरीवरून अक्षरशः उचलून बसवलं होतं, तसं दर ठिकाणी जमणार नाही. मग आम्ही पार्किंगमध्ये सराव सुरू केला. गाडी मधल्या स्टँडवर, शेजारी स्वयंपाकघरातलं स्टूल. त्यांनी स्टुलावर चढायचं, पुढच्या मोकळ्या जागेतून पाय पलीकडे घालून आधी माझ्या जागेवर बसायचं, मग दोन्ही हातांवर भार देऊन टेकडी चढल्यासारखं हळूहळू मागे सरकायचं. त्या मागे बसल्या की मी पुढून अल्लद आत शिरायची. मोटरसायकलवर हे करून दाखवा. मागे माणूस बसलेला असताना पुढच्याला चढायचं म्हणजे सर्कस होते.

पहिल्या दिवशी वॉचमनने खुर्ची आणून बसून बघितलं. दुसऱ्या दिवशी तो उठून स्टूल धरायला आला. सासूबाईंनी हेल्मेट स्वतः निवडलं, लालभडक, आणि मी मागे पाठीला टेकू बसवून घेतला. आठवड्याच्या शेवटी त्या माझ्याआधी बसून "चल ना, किती वेळ" म्हणायला लागल्या.

दिराने शेवटी हात टेकले, पण पुरते नाहीत. तो मोटरसायकलवर सोबत येणार होता. "काही झालं तर कोणीतरी पाहिजे," तो म्हणाला. काळजी खरी होती, ती मी नाकारत नाही. पण त्याने आम्हाला क्लबाचा नियम लावला. क्लबात सगळ्यात कच्चा स्वार म्होरक्याच्या लगेच मागे चालतो, आणि म्होरक्या त्याला झेपेल एवढाच वेग ठेवतो, म्हणजे कच्चा मागे पडत नाही. आमच्यात कच्चं कोण, हे त्याने विचारलं नाही.

तर निघालो. पुढे दीर, मागे आम्ही. हमरस्त्यावर तो इतका जपून चालवत होता की सायकलवाल्याने आमच्याकडे दोनदा वळून पाहिलं. समोरून येणारे मोटरसायकलवाले त्याला हात करत, तो त्यांना हात करी, आणि आमच्यापर्यंत आलं की ते हात खाली जात.

"ते तुला का नाही करत?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"स्कूटरला करत नाहीत, आई. त्यांच्यात तसं असतं."

 त्यानंतर समोरून जो येईल त्याला, मोटरसायकल असो की दुधाचा टँकर, त्यांनी स्वतःहून हात करायला सुरुवात केली. गोंधळून का होईना, बरेच जण उलट हात करत होते.

घाट सुरू झाला आणि घोडं तिथे अडलं. चढावर दिराने वेग आणखी कमी केला. आमच्या तोंडावर त्याच्या सायलेन्सरचा धूर, त्याच्यापुढे वाळूचा ट्रक, त्या ट्रकचा काळा धूर, आणि वारा म्हणून नाही. पहिल्या वळणावर सासूबाईंचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं. दुसऱ्या वळणावर त्यांनी माझं जाकीट मुठीत धरलं. मी हॉर्न वाजवला आणि कडेला थांबले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दीर धावत मागे आला. "बघा. हेच सांगत होतो मी. वहिनी, आता हट्ट पुरे. खाली जाऊ, मी कार मागवतो, घरी नेऊ हिला."

 इथून परत गेलो तर त्या पुन्हा कधीच निघणार नव्हत्या. घरातल्या सगळ्यांच्या तोंडी कायमचं एक वाक्य आलं असतं, बघ, झेपलं नाही. आणि मावशींचा कान शेवटपर्यंत पडद्यावर राहिला असता.

"भावजी, तुमचा धूर त्यांच्या तोंडावर येतोय," मी म्हटलं. "तुम्ही त्यांना जपताय की धुरी देताय?"

"मी हळू चालवतोय तुमच्याचसाठी."

"म्हणून तर."

सासूबाईंनी हेल्मेटची काच वर केली, पाण्याचा एक घोट घेतला आणि चूळ भरून टाकली. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "मागे ये. अंतर ठेवून ये." आणि मला, "तू ह्याच्या पुढे हो. त्या ट्रकच्याही."

ट्रकच्या पुढे मोकळा सरळ चढ दिसला तेव्हा मी मूठ पिळली. दोन बायका, सीटखाली कपड्यांची बॅग आणि मावशींसाठी घेतलेलं सामान, एवढं सगळं घेऊन ती गाडी तक्रार न करता वर गेली. ट्रक मागे पडला, धूर मागे पडला, आणि पुढच्या वळणावर डोंगराचा थंड वारा दोन्ही बाजूंनी आत आला. पाठीवरचं हेल्मेट उचललं गेलं. थोड्या वेळाने माझं जाकीट सुटलं. आरशात पाहिलं तर सासूबाई ताठ बसल्या होत्या आणि दरीकडे बघत होत्या. त्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून, दीर येत होता. मला त्या चढावर इतका आनंद झाला की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने काहीतरी गायले, काय ते आठवत नाही.

मावशींच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती. त्यांच्या सुनेने दार उघडलं आणि लाल हेल्मेट बघून आधी कोणी कुरिअरवाला आलाय असं तिला वाटलं. मावशी आतल्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. कान आणि कपाळापलीकडे एवढंसं उरलेलं माणूस बघून मला गलबलून आलं. सासूबाई काठाशी बसल्या. मावशींनी हेल्मेटने चपटलेल्या त्यांच्या केसांवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि मग विचारलं, "राग गेला का तुझा?"

"कसला राग?" सासूबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या.

"इतकी वर्षं आली नाहीस. फोनवर विचारलं की तू विषय बदलायचीस, आणि धाकटा तुझा दर वेळी सांगायचा, आईला झेपत नाही. पण लग्नाकार्याला जायचीस, ते कानावर यायचं. म्हटलं, घराच्या वाटणीच्या वेळी मी काही बोलून गेले असेन. काय बोलले ते रोज आठवून बघायचे. आठवतच नाही."

"तू काही बोलली नाहीस. मला गाडी लागते. ओकते मी, ताई. लग्नांना जाते ती रेल्वेने."

"एवढंच?"

"एवढंच."

दारात दीर हेल्मेट हातात धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली नाही. काळजी काळजी म्हणून एका म्हाताऱ्या बाईला इतकी वर्षं नसलेली चूक शोधायला लावली होती, आणि त्या बाईला कुणी साधं 'ओकते' एवढंही सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला बरं दिसत नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही. तो पुढे आला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, तू राहा चार दिवस," तो हळू आवाजात म्हणाला. "न्यायला मी कार घेऊन येतो. खिडक्या उघड्या ठेवीन, सावकाश नेईन."

"ये की," सासूबाई म्हणाल्या. "मावशीला भेट, जेव, आणि कार रिकामी घेऊन जा. मी हिच्या मागे बसून येणार. आणि पुढच्या महिन्यात परत येणार."

मावशींनी त्यांचा हात सोडला नव्हता. "महिनाभर टिकेन का मी, ते आधी बघ."

"टिकायचं," सासूबाई म्हणाल्या. "आता मला यायला येतं."