वरच्या थरातली माणसं

आमच्या पुरातत्त्व कार्यालयाच्या साहेबांना पायथ्याची वस्ती आठवली ती अनुदान बंद व्हायची वेळ आली तेव्हा. वरून विचारणा झाली होती, या उत्खननाचा आजच्या समाजाला उपयोग काय? साहेबांनी उभं आयुष्य त्या टेकडीवर खणण्यात घालवलं होतं, म्हणजे छत्रीखाली बसून इतरांकडून खणून घेतलं होतं. वस्तीकडे मात्र कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता तीच माणसं एकाएकी 'वंशज' झाली.

मी तिथे खापरांची चित्रं काढते. वंशजांसाठी ठरवलेल्या कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवरची वेलबुट्टीही माझ्याच गळ्यात पडली.

सभागृहात वंशजांना पुढच्या रांगेत बसवलं. पूर्वज, अस्मिता, संवाद यांवर साहेब भरभरून बोलले. संवादात समोरच्यानंही बोलायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वस्तीतल्या निवृत्त नर्सबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, उभ्या राहिल्या. टेकडीवर पूर्वी वस्तीची दफनभूमी होती. वरच्या थरातून निघालेले सांगाडे त्यांच्या पणजीच्या पिढीचे.

"आमची माणसं कुठे ठेवलीत?"

सुरक्षित आहेत, शास्त्रीय पद्धतीनं, असं साहेब म्हणाले. मावशी म्हणाल्या, मग दाखवा. पाहुण्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. वर्तमानपत्राचा फोटोग्राफरही मागोमाग आला.

सांगाड्यांच्या पेट्या गोदामात जिन्याखाली होत्या. त्यांच्यावर मोडक्या खुर्च्या, जुन्या परिषदेचे फलक आणि साहेबांच्या घरचा बंद पडलेला कूलर. साहेबांनी शिपायाला झापलं, जणू कूलर त्यानंच हौसेनं आणला होता. मावशींनी बाह्या सरसावून खुर्च्या उतरवल्या, पेट्यांवरची धूळ हातानं पुसली. मीही हात लावला. बाईंचे भरलेले डोळे फोटोत नीट येऊ द्या, असं साहेब सांगत होते. डोळे भरलेले नव्हते.

मावशींनी पेट्या परत मागितल्या. हा मानवजातीचा ठेवा आहे, साहेब म्हणाले. मग कूलरसकट फोटो छापून आला, आणि मानवजातीनं तो ठेवा तातडीनं सोडून दिला.

वस्तीनं आपल्या नव्या दफनभूमीत जागा ठरवली. हाडं पुरायच्या दिवशी सकाळी साहेब पांढराशुभ्र सदरा घालून, स्वतःचा फोटोग्राफर घेऊन हजर. दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी घसा खाकरला. मावशींनी त्यांच्या हातात कुदळ दिली.

"बोलून झालंय तुमचं. खणता येतं ना? खणा."

पहिलाच घाव दगडावर बसला आणि कुदळ हातातून निसटली. आणखी थोडी माती उकरून साहेब कंबर धरून बाजूला झाले. वस्तीतल्यांनी आणि मी आळीपाळीनं खड्डा पुरा केला. तान्ह्या बाळाचं डोकं सांभाळावं तसं मावशींनी एकेक हाड आत ठेवलं.

साहेब तोवर गाडीत बसून तळहातावरचे फोड न्याहाळत होते. माती लोटून झाल्यावर त्यांनी काच खाली केली आणि अहवालासाठी या प्रसंगाचं एक सुरेख चित्र काढ म्हणून मला फर्मावलं.

"फोटोग्राफर आणलाय ना तुम्ही," मी म्हटलं, आणि मावशी सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत होत्या तिकडे गेले.