उर्मिलाची उर्क्लासा झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या इंदूरच्या राजेंद्र नगरात, दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर पडून असतो. पण कापड मिलने मला आणले तेव्हा माझी आरती झाली होती. माझ्या खोलीत साहेबसुद्धा चपला काढून येत. कामगारांची नावे, पाळ्या, मिलचे नियम, सारे मी देवनागरीत सांभाळत असे.

पुढे मिल बंद पडली. लिलावात मला इंदूरच्याच पलासिया भागातल्या एका कोचिंग क्लासने घेतले. क्लास सुमनताईंचा. माझ्यावर काम करायला त्यांनी नरेंद्रला ठेवले. मुलगा हुशार, पण भारी घाईचा. नवे तक्ते आखण्याऐवजी त्याने मिलचेच तक्ते नियमांसकट उतरवले आणि त्यांत विद्यार्थ्यांची नावे भरली. मोफत प्रवेशाच्या परीक्षेची कार्डे छापताना पाहतो, तर जागोजाग ‘मिल’.

“एकेक कुठे बघत बसू, ताई? एकदम रिप्लेस मारतो ना,” तो म्हणाला.

‘मिल’ दिसेल तिथे ‘क्लास’ घाल, असा हुकूम झाला. मी घातले. समजून घेणे माझ्या कामात बसत नाही.

परीक्षेच्या सकाळी मुलांनी कार्डे वाचली. ‘क्लास सुरू असताना धोतराचा सोगा सांभाळावा.’ त्याखाली, ‘अठरा वर्षांखालील व्यक्तीस क्लासमध्ये मनाई.’ पहारेकरी नियमाचा पक्का. त्याने अख्खी दहावी फाटकाबाहेर उभी केली. मिलिंदचा क्लासिंद झाला होता. उर्मिला तर रडवेली झाली. तिच्या कार्डावर ‘उर्क्लासा’ होते.

तिचे वडील कचरू माझ्याच मिलमध्ये साच्यावर कापड विणत असत. ते कार्ड घेऊन आत आले.

“मॅडमजी, मिल बंद झाली, चला, ठीक आहे,” ते शांतपणे म्हणाले. “आता पोरीच्या नावातली पण बंद केली का?”

सुमनताईंना हसू आले आणि लगेच विरले. त्यांनी फाटक उघडायला लावले, मुलांना परीक्षेला बसवले.

नरेंद्र खाली मान घालून बसला होता. पेपर संपल्यावर त्याने एकेका मुलाला माझ्यापुढे बोलावले. “बेटा, तूच टाइप कर.”

सर्वांत आधी उर्मिला आली. तिला ‘मि’ सापडेना. ती एका बोटाने शोधत राहिली. मी वाट पाहिली. इतक्या वर्षांत माझ्यावर नावे पुष्कळ चढली. स्वतःचे नाव स्वतः लिहिणारी ती पहिलीच.

मित्रांनो, दुसऱ्याचा तक्ता खुशाल उतरवा. पण बदल करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. तिथे कोणीतरी राहत असते.