रविवारचं धुणं

रॅग्नानं कपाटातल्या घडीच्या पांढऱ्या चादरी दगडी डोणीत बुडवल्या. न पिळता, निथळत्याच टोपलीत भरल्या आणि ती चर्चची टेकडी चढू लागली.

रविवार होता. नॉर्वेच्या त्या बेटावर रविवारी कुणी सुईत दोराही ओवत नसे. रॅग्नानं तर हा नेम लहानपणापासून पाळला होता.

पण शुक्रवारी, महायुद्धात बेट बळकावून बसलेल्या जर्मनांनी चर्चची पांढरी भिंत करड्या रंगानं फासली. शेजारीच त्यांचा तोफांचा किल्ला. त्यांच्या शत्रूच्या जहाजांना त्याची खूण सापडू नये म्हणून. बेटावरच्या होड्याही याच भिंतीवर नजर ठेवून खडकांतून आत शिरत. रॅग्नाचा नवरा एलर्ट गुरुवारीच मासेमारीला गेलेला. दुपारच्या भरतीला परतणार, आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

तिनं भिंतीपुढं दोरी ताणून पाच चादरी वाळत टाकल्या.

"देवाच्या दारात, देवाच्या दिवशी धुणं?" काठी टेकत टूरबोर्ग वर आली. प्रार्थनामंडळाची प्रमुख, साऱ्या बेटाची आत्या. "लाज धुऊन टाकलीस की काय?"

"एलर्ट यायचाय, आत्या."

टूरबोर्गनं भिंतीकडं पाहिलं, मग समुद्राकडं. ती लगबगीनं उतरून गेली.

थोड्या वेळानं किल्ल्यावरचा जर्मन हवालदार आला.

"काढा हे."

"ओलं आहे."

"इथंच कशाला?"

"वारं तुमच्या किल्ल्यावर जास्त आहे. बांधू का तिथं दोरी?"

तो हसला नाही. "दोन वर्षं बघतोय तुम्हाला. रविवारी तुम्ही लोक धूत नाही."

रॅग्ना चादरीचं टोक सारखं करू लागली.

"कोण म्हणतं?"

टूरबोर्ग होती. मागं चार बायका, प्रत्येकीच्या कडेवर गळती टोपली.

"साठ वर्षं मी रविवारीच धुते," ती म्हणाली. काठीवरची बोटं पांढरी पडली होती. "हिला मीच शिकवलं. काय गं?"

रॅग्नानं मान डोलावली.

हवालदारानं एक चादर चाचपली. बुटांवर पाणी ठिबकलं. त्याला मिळालेल्या हुकमात फक्त भिंतीच्या रंगाबद्दल लिहिलं होतं. धुण्याबद्दल अक्षर नव्हतं.

"वाळलं की लगेच काढायचं."

"काढू की," टूरबोर्ग म्हणाली. तो उतारावर दिसेनासा होताच तिनं एकीला हाक मारली, "जा गं, पाण्याच्या दोन बादल्या आण."