मधलं पेडल

कुरुंदवाडच्या सयाजी पाटलाची अँबॅसिडर चौसष्टची, कोरी करकरीत. दस्तगीर मिस्त्रीची मॉरिस एकोणतीसची, म्हणजे खुद्द दस्तगीरपेक्षा चार वर्षांनी मोठी. शर्यतीची पैज सयाजीनंच लावली होती, आणि पन्हाळ्याच्या चढावर त्याचीच गाडी तापून वाफा सोडत उभी राहिली. म्हातारी मॉरिस भोंगा वाजवत पुढं निघून गेली. सगळं कुरुंदवाड हसलं आणि सयाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो उद्यमनगरातल्या गॅरेजात शिरला. दस्तगीरनं नुकतंच पुढून लोखंडी हँडल मारून मॉरिस चालू केली होती.

"कुनाचं इंजिन बशिवलंयस रं हिच्यात?" सयाजीनं विचारलं.

"हिचंच हाय, मालक. तुमी पानी भरायला इसरलासा, त्याला मी काय करू?"

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. सयाजीनं त्याच्या हातातलं हँडल हिसकावून सरळ तोंडावर हाणलं. दस्तगीरचे दोन दात तुटून तळहातावर पडले. दुसरा घाव खांद्यावर बसला, तसा तो खाली कोसळला.

"घिऊन जातो हिला. उघडून बगतो काय लपिवलंयस ते," म्हणत सयाजी मॉरिसमध्ये चढला.

मॉरिसचा ब्रेक उजवीकडं आणि रेस मधोमध. तिच्या काळी तशा गाड्या यायच्या. अँबॅसिडरवाल्याचा पाय ब्रेकसाठी मध्येच जाणार, म्हणून कुणालाही तिच्या स्टिअरिंगवर बसवताना दस्तगीर हे दोनदा बजावायचा. आत्ता त्याच्या तोंडात रक्त होतं, पण जीभ शाबूत होती. जा, आपट भिंतीवर, फोडून घे थोबाड, असं त्याला मनापासून वाटलं. तो गप्प बसला.

सयाजीनं गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी उतारानं फाटकाकडं निघाली. मागं पत्रा ठोकत असलेला दस्तगीरचा धाकटा भाऊ इलाही भावाचं रक्त बघून पिसाळला आणि धावत जाऊन फाटकात हात पसरून उभा राहिला.

"इलाही, बाजूला हो," दस्तगीर ओरडला.

सयाजीला माणूस मारायचा नव्हता. त्यानं घाबरून मधल्या पेडलवर सगळा भार टाकला. गाडी उसळली आणि इलाहीला फाटकाच्या दगडी खांबावर चिरडूनच बंद पडली. बरगड्या मोडल्याचा आवाज दस्तगीरला बसल्या जागी ऐकू आला.

शेजारच्या कारखान्यांतली माणसं धावली. त्यांनी सयाजीला खाली ओढला आणि पान्यांनी, सळयांनी, जे हाती लागेल त्यानं ठेचायला सुरुवात केली. मुद्दाम अंगावर घातली, असं जो तो म्हणत होता. "ब्रेक दाबला हुता, आईशप्पत," सयाजी रक्त ओकत सांगत होता. ते ऐकायला कोण रिकामं होतं?

दस्तगीरनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इलाही केव्हाच गेला होता.

"मारू नगासा त्याला," दस्तगीर म्हणाला. "मधी रेस हाय तिच्यात. मला ठावं हुतं."

हात थांबले. सयाजीनं उरलेल्या एका डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं.

"मग सांगायचं की रं," तो म्हणाला.