पेरूखालचं पातेलं

दातांची डॉक्टर म्हणून तिचा काय दरारा होता म्हणून सांगू! दवाखान्याच्या पायरीवरच पोरं भोकाड पसरायची. "गोळ्या खाल्ल्यास ना? खरं सांग," असं तिनं चष्म्यावरून विचारलं, की मिशीवाले बाप्येसुद्धा मान खाली घालायचे. आणि हीच बाई त्या सकाळी आईच्या परसात उभी राहून प्लंबरच्या विनवण्या करत होती.

"दादा, पेरूखाली नका ना खणू. जरा भिंतीकडून नाही का जमणार?"

"बाई, पाइप इथे फुटलाय. तिकडे खणून काय करू, झाड लावू?"

त्याचं बरोबरच होतं, पण ही त्याच्या कुदळीपुढून हलेना.

आई खुर्ची टाकून देखरेखीला बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज खणखणीत. "तू कशाला मधे मधे करतेस गं? मी येते का तुझ्या दवाखान्यात सांगायला, हा दात नको, तो काढ म्हणून?"

आता पेरूखाली काय होतं, ते सांगायलाच हवं. चौतीस वर्षांपूर्वी आई बाहेर गेलेली असताना नऊ वर्षांच्या ह्या बाईसाहेबांनी टॉफी करायचं ठरवलं. मदतीला सहा वर्षांचा भाऊ. आईचं लाडकं, जाड बुडाचं पातेलं घेतलं. साखर, लोणी, दूध, सगळं अंदाजपंचे. पण जमलं हो! थोडं ताटात ओतलं, कोमट झाल्यावर दोघांनी हातात घेतलं, तर काय तार निघत होती! ही एक टोक धरून ओढायची आणि भाऊ स्वतःभोवती गिरक्या घेत ती तार डोक्याला गुंडाळायचा. फेटा बांधला की पठ्ठ्याने! भिंतींना बोटं, दाराच्या कडीला टॉफी, मांजराची शेपूट जमिनीला चिकटलेली. हसून हसून दोघांची मुरकुंडी वळली होती. तेवढ्यात जळका वास आला. गॅसवर उरलेली टॉफी दोघंही साफ विसरली होती.

पातेल्यात काळा दगड झाला होता आणि दगडात डाव उभा, हलायचं नाव नाही. भाऊ रडायला लागला, कारण फेटाही निघत नव्हता.

धावून आली ती शेजारची काकू. दोन्ही घरांची परसं लागून, मधे कमरेएवढी भिंत. तिनं घर पुसलं, मांजर सोडवलं, भावाचे केस निघेनात तेव्हा सरळ गोटा केला. ही हमसून हमसून म्हणाली, "काकू, आईला नको ना सांगूस. शपथ घे." काकूनं शपथ घेतली. मग हिनं पातेलं भावाच्या रेनकोटात गुंडाळून पेरूखाली पुरलं. तेव्हापासून काकू तिला खारूताई म्हणायची. आईला वाटायचं, पुढच्या दातांमुळे.

संध्याकाळी आई घरी आली तर मुलगा बोडका आणि पातेलं गायब. "उवा झाल्या होत्या," काकूनं ठोकून दिलं. "माझ्या घरात उवा? आणि माझं पातेलं कुठंय?" घरात दिवसभर दुसरं आलं होतं कोण? आईच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

बोलणं काही तुटलं नाही. पण घरात काहीही सापडेनासं झालं की आई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "गेलं असेल पातेल्याच्या वाटेनं!" आणि काकू आली की तिला चहा नेहमी कान तुटलेल्या कपात. "चांगले बाहेर ठेवायची सोय नाही बाई," हेही तिला ऐकू जाईल असं. काकू मुकाट्यानं चहा प्यायची. आणि खारूताई? ती दर वेळी ठरवायची, आज सांगून टाकू, आणि दर वेळी तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

खण्ण!

प्लंबरनं रेनकोटाची लक्तरं बाजूला केली. पातेलं, त्यात काळा दगड, दगडात डाव. इतक्या वर्षांत मुंग्यांनीसुद्धा तोंड लावलं नव्हतं.

आई खुर्चीवरून उठली. काठावरचा पोचा बोटानं चाचपला. "माझंच! बघितलंस? घरात ठेवायची हिंमत झाली नाही म्हणून माझ्याच परसात पुरलंन्! थांब, आज तिला सोडतच नाही." आणि निघाली की तरातरा. भिंतीपलीकडे काकू कपडे वाळत घालत होती.

"आई, थांब! मी पुरलं!"

आई थबकली. खारूताईनं सगळं एका दमात सांगितलं. टॉफी, फेटा, मांजर, उवा, शपथ. सांगता सांगता ती नऊ वर्षांची झाली आणि घळाघळा रडायला लागली. प्लंबरनं उगाचच पाइपाकडे डोळे लावले.

आईनं एकदा लेकीकडे, एकदा पातेल्याकडे पाहिलं. मग पातेलं उचलून भिंतीपाशी गेली.

"तू बोलली का नाहीस गं?"

काकूनं चिमटा तोंडातून काढला. "पोरीला शब्द दिला होता, ताई. पुढे एकदा वाटलं, सांगावं. पण तोवर तुम्ही इतकं बोलून बसला होता, म्हटलं आता सांगितलं तर तुम्हालाच तोंड लपवायला जागा उरायची नाही."

आईनं हातानं पातेल्यावरची माती झाडली. तिनं पातेलं भिंतीवरून पुढे केलं. "घे. इतकी वर्षं ऐकून घेतलंस, आता पातेलं तरी घे."

काकूनं आत डोकावून पाहिलं. "हे असलं? आधी घासून द्या."

दोघींनी एकदमच खारूताईकडे पाहिलं.

झालं! शहरातली नावाजलेली डॉक्टर गाडीतून दात खरवडायची हत्यारं घेऊन आली आणि पायरीवर बसून पातेलं खरवडायला लागली. दोन्ही म्हाताऱ्या खुर्च्या टाकून देखरेखीला. "कोपऱ्यात राहिलंय बघ." "अगं, जोर लाव जोर." जन्मात एवढी किटलेली दाढ तिनं पाहिली नव्हती.

आई आत गेली आणि चहा घेऊन आली. काकूच्या हातात तिनं कप दिला तो निळ्या काठाचा, बशीसकट, काचेच्या कपाटातला. पाहुण्यांनासुद्धा न मिळणारा.

काकूनं तो उलटसुलट करून पाहिला. "छान आहे हो. जाताना घेऊन जाऊ का?"

खारूताईचा हात जागच्या जागी थांबला. आईनं पदरानं डोळे पुसले.

"ने," आई म्हणाली. "बशी पण ने."