दोराच्या जागी बसलेली लेन्स

अहो, इकडेतिकडे बघू नका. खिडकीजवळचं कपाट, वरून दुसरा खण. मी लेन्स बोलतेय. हातभर लांब, दीड किलो वजनाची. रंग उडालाय, पण नजर अजून बरी आहे.

माझा पहिला मालक लग्नाचे फोटो काढायचा. त्याला लांबचं बघायची गरजच नव्हती. मग मला एका घड्याळजीनं घेतलं. बायको लवकर गेलेली. घरात तो आणि त्याची मुलगी. ती दातांच्या कवळ्या बनवायची. "बाप लोकांची वेळ दुरुस्त करतो आणि लेक लोकांचं हसू," असं तो गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. सुट्टी मिळाली की बापलेक पक्ष्यांचे फोटो काढायला डोंगरवाटांना लागायची.

निघायच्या आदल्या दिवशी पलंगावर सगळं मांडलं जायचं. कॅमेरा, लहान लेन्सा, तिपाई, जादा बॅटऱ्या, पाणी, दोर. मग स्वयंपाकघरातला काटा यायचा. "हौसेला मोल नसतं, ठमे, पण वजन असतं," असं म्हणत बाबा एकेक वस्तू तोलायचे. बहुतेक वेळा मीच घरी राहायची.

त्या वेळी मात्र मुलगी हटून बसली. कड्यावर गिधाडाचं पिल्लू उडायच्या बेतात होतं.

"बाबा, या खेपेला मोठी लेन्स घ्यायचीच."

"मग काहीतरी काढ. माझ्या पाठीनं साठी ओलांडलीय."

"दोर काढू या ना. इतक्या वर्षांत एकदा तरी लागलाय का तो?"

बाबांनी काट्यावर आधी दोर ठेवला, मग मला. वजन जवळपास सारखंच. ते हसले आणि दोर पलंगाखाली सरकवला. त्याच्या जागी मी बसले.

पिल्लू उडालं. बापलेकींनी एकमेकांना टाळ्या दिल्या. परतताना दुपारीच धुकं उतरलं आणि वाट हरवली.

"तू या खडकावरून हलू नकोस," बाबा म्हणाले. "मी वाट शोधून येतो."

ते दिसेनासे झाले, पण हाक येत होती. "ठमे!" "आहे, बाबा!" पुन्हा हाक, पुन्हा ओ. मग हाक येईना.

एकाएकी धुकं फाटलं. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. समोरच्या डोंगराच्या धारेवर बाबा उभे होते, उजवा हात वर केलेला. तिच्या बोटानं सवयीनं बटण दाबलं आणि धुकं पुन्हा मिटलं. ती थांबून राहिली.

बाबा दुसऱ्या दिवशी धारेच्या पायथ्याशी सापडले. शोधायला आलेला वाटाड्या म्हणाला, "दोर असता तर..." तिचा चेहरा बघून त्यानं वाक्य गिळलं.

दोन वर्षं ती त्या फोटोपुढे बसली. हात इतका मोठा करून बघायची की बोटांचे नुसते चौकोन उरायचे.

"किती कोरशील गं तो फोटो?" सोबतीला येऊन राहिलेली मावशी म्हणायची.

"मावशी, ते थांब म्हणत होते की ये? बोलवत असतील आणि मी गेलेच नाही, असं असेल तर?"

कवळी घासताघासता मुलगी मध्येच ओरडायची, "आहे, बाबा!" हाक मला कधी ऐकू आली नाही. पण एकदा, कपाट बंद असताना, माझ्या काचेवर वाफ धरली. कुणी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तशी.

मग एका सकाळी तिनं पिशवी भरली. आधी दोर, मग पाणी, मग मी. बाकीचं सगळं पलंगावरच राहिलं. त्याच वाटाड्यानं तिच्या कमरेला दोर बांधला आणि लांबच्या वळशानं तिला धारेवर नेलं. बाबा उभे होते तिथेच ती उभी राहिली. लख्ख ऊन होतं. तिनं मला त्या खडकाकडे रोखलं.

खडक दिसला. आणि खडक नि धार यांच्यामध्ये, खडकाच्या बाजूनं गवतानं झाकलेली, खोल उभी चीर दिसली.

"खडकावरून इथे सरळ येता येतं का हो?" तिनं वाटाड्याला विचारलं.

"सरळ निघालेला पोचत नाही, ताई."

ती खाली बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

तो हात 'थांब'च म्हणत होता, अशी शपथ मी घेणार नाही. माझं काम दाखवणं, अर्थ लावणं नव्हे. पण तिथे उभं राहून पोटच्या पोरीला 'ये' म्हणणारा बाप तो नव्हता, एवढं मी जाणते.

आता माझ्या काचेच्या कडेला बुरशी शिरलीय. मुलगी अजूनही ओ देते, पण घाबरून नाही. शेजारच्या खोलीतून सहज द्यावी तशी.

तुम्ही डोंगरवाटेला निघालात तर मला हौसेनं न्या. पण पिशवीत माझ्यासाठी जागा करताना काय बाहेर काढताय ते जरा बघा. लांबचं जवळ आणणं मला जमतं. परत आणणं जमत नाही.